भावाकडे फीसाठी पैसे मागू का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा टेम्पो चालवतो, त्या घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. दोघांचं मिळून महिन्याला २१-२२ हजार होतात. मुलगी अंगणवाडीत आहे, जूनमध्ये पहिलीला जाईल. धाकटा दोन वर्षांचा. गावातल्या खाजगी इंग्रजी शाळेची फी वर्षाला ४२ हजार, व्हॅनचे १२ हजार, पुस्तकं-गणवेशाचे ८ हजार, आणि प्रवेश घेताना एकदाच १५ हजार. जाऊबाईंची दोन्ही मुलं त्याच शाळेत आहेत. "सणाला सगळे जमतात तेव्हा ती इंग्रजीत कविता म्हणतात आणि माझी मुलगी माझ्या पदराआड उभी राहते," असं ताई लिहितात. नवरा म्हणतो, आपण जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकलो. सासूबाई म्हणतात, मुलीवर एवढा खर्च कशाला. ताईंचा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. वडील गेल्यावर ताईंनी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून दिली आणि त्यानंतर माहेरी कधी काही मागितलं नाही. आता भावाकडे ६० हजार मागावेत का, मागायचे तर कसे, आणि नवऱ्याला आधी सांगायलाच हवं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "आम्ही ओबीसी आहोत, पण उत्पन्न लाखाच्या वर असल्यामुळे आरटीईचा फॉर्म भरला नाही. शिवाय खाजगी शाळांत आता आरटीई बंद झालंय असं शेजारणीने सांगितलं."

ताई, तुमच्या तीन प्रश्नांकडे येतेच, पण आधी त्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल, कारण त्याला तारखेची मुदत असते.

आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. या कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेश वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांना मोफत शिकवण्यासाठी ठेवायच्या असतात. १ लाखाची उत्पन्नाची अट आहे ती आर्थिक दुर्बल गटाला, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांना. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्ग वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. तुम्ही ओबीसी आहात, म्हणजे उत्पन्नाचा दाखला तुम्हाला लागतच नाही. जातीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि राहण्याचा पुरावा लागतो. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा.

शेजारणीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला होता: ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागांतून सूट. तसं झालं असतं तर गावोगावच्या बहुतेक इंग्रजी शाळा सुटल्या असत्या. पण जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पहिली बातमी सगळ्यांच्या कानावर गेली, दुसरी फारशी पोचली नाही. तुमच्यासारख्या किती आयांनी त्यामुळे फॉर्मच भरला नसेल, या विचाराने मला फार वाईट वाटतं.

फॉर्म ऑनलाइन असतो, फुकट असतो. जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. अलीकडे तो जानेवारीच्या आसपास निघतो, पण तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, म्हणून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन यंदाची तारीख विचारून घ्या. नकाशावर घराची खूण करताना घाई करू नका. सायबर कॅफेवाला अंदाजाने बोट ठेवतो आणि प्रवेशाच्या सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत घरापासून शाळेचं अंतर चुकीचं निघतं, प्रवेश जातो. सोडतीचा मेसेज येईल म्हणून थांबू नका, स्वतः अर्ज क्रमांक टाकून बघत राहा. तुमच्या मनातली शाळा यादीत आहे का, तेही आधीच तपासा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही २५ टक्क्यांची अट लागू नाही. आणि आठवीनंतर, म्हणजे नववी-दहावीची, फी भरावी लागते, हे आत्ताच गृहीत धरा.

आता समजा नंबर लागला नाही. मग तुमचा प्रश्न तसाच उरतो.

तुम्ही भावाकडे ६० हजार मागणार आहात ते पहिल्या वर्षासाठी. दुसऱ्या वर्षाचं काय, हे पत्रात नाही. तुमचेच आकडे घेऊन बसले तर प्रवेशाचे १५ हजार सोडून वर्षाचा खर्च ६२ हजार होतो. महिन्याला पाच हजारांच्या वर, म्हणजे तुमच्या घरात येणाऱ्या पैशाचा जवळपास चौथा हिस्सा. फी कधीच वाढली नाही असं धरलं तरी दहावीपर्यंत सव्वासहा लाखांच्या आसपास जातात. सगळाच खर्च दरवर्षी आठ टक्के वाढला तर नऊ लाखांच्या घरात. आणि चार वर्षांनी धाकटा पहिलीला येईल. एकीला इंग्रजी शाळेत घातलं आणि दुसऱ्याला नाही, हे तुम्हाला जमणार नाही. आणि समजा एकालाच घालायची वेळ आली, तर सासूबाईंचं बोलणं ऐकता मला भीती वाटते की त्या वेळी मुलीचं नाव शाळेतून काढलं जाईल.

हे घडताना मी पाहिलं आहे. पोरगी चौथीत असते, मैत्रिणी झालेल्या असतात, बाई लाडक्या असतात, आणि दोन हप्ते थकले म्हणून एप्रिलनंतर शाळा बदलते. नव्या शाळेत गणिताचे शब्द वेगळे, डबा खायला सोबतीण नाही. मूल कारण विचारत नाही, आपलंच काहीतरी चुकलं असं समजतं. म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हे: फक्त पहिल्या वर्षाची सोय होत असेल तर त्या पैशावर प्रवेश घेऊ नका. निदान पाचवीपर्यंत काय करायचं ते कागदावर मांडता आलं, तरच भावाला फोन करा.

आणि फोन करण्याआधी त्या शाळेत एकदा जाऊन या. तुम्ही फी सांगितलीत, व्हॅन सांगितलीत, जाऊबाईंची मुलं सांगितलीत. वर्गात काय चालतं ते पत्रात कुठेच नाही. तिसरीतल्या एखाद्या मुलाची परिसर अभ्यासाची वही मागून बघा. अशी एक वही माझ्यासमोर आली होती. अक्षर मोत्यासारखं, समासाची रेघ पट्टीने मारलेली, प्रत्येक पानावर बाईंची लाल खूण. "व्हाय डू वुई नीड वॉटर" या प्रश्नाखाली तीन ओळींचं बिनचूक उत्तर. त्या मुलाला मी मराठीतच विचारलं, आपल्याला पाणी कशाला लागतं रे? तो वहीकडे बघायला लागला. तहान लागते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण ते उत्तर असू शकतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या इंग्रजी शाळा अशा नसतात, काही फार चांगल्या असतात. पण ४२ हजारांत नक्की काय मिळतंय हे बघायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. शिकवणाऱ्या बाईंचं शिक्षण काय, वर्षात किती शिक्षक सोडून गेले, घरचा अभ्यास कोण घेणार, हे विचारा. तुम्ही दोघं मराठीत शिकलात. इंग्रजी घरचा अभ्यास झेपला नाही की बाहेरचा क्लास लावावा लागतो आणि त्याची फी तुमच्या हिशोबात नाही.

तुमची मुलगी पदराआड उभी राहते ते मला कळतं. पण ती पाच-सहा वर्षांची आहे, बघायला दहा माणसं जमली आहेत, आणि सगळ्यांसमोर तुलना होते आहे. या वयात मूल लाजतं ते भाषेमुळेच असं नाही. तिला मराठी गाणं म्हणायला सांगून बघा. तरीही लाजली तर लाजू द्या.

आपण शाळा म्हटलं की दोनच डोळ्यांसमोर आणतो: एक जिल्हा परिषदेची, दुसरी इंग्रजी. मधली एक फार मोठी जागा आपण विसरतो. अनुदानित शाळा. त्यांची संस्था खाजगी असते, शिक्षकांचे पगार सरकार देतं, म्हणून फी नाममात्र असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात सुरू केलेली रयत शिक्षण संस्था अशीच उभी राहिली, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतलं कोणीतरी तिच्या शाळेत शिकलेलं असतं. अशा बऱ्याच शाळांत, आणि आता जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांतही, सेमी इंग्रजी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण त्या उदाहरणावरून तुमच्या वॉर्डातली शाळा चांगली आहे असं मी म्हणणार नाही. तिथेही वही बघा, शिक्षक किती आणि वर्ग किती ते मोजा. दोन शिक्षकांवर चार वर्ग असतील तर तुमची काळजी रास्त आहे आणि यजमानांना तसं सांगा. ते शिकले ती शाळा आज तशीच असेल असं नाही.

पुढचाही एक हिशोब आहे, जो प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. नंबर लागला तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, चार वर्षांचे ४८ हजार. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, तुमचं आहे. पण मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावं लागतं. विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या मुलाला ती परीक्षा देता येत नाही. केंद्र सरकारच्या नवोदय या निवासी शाळेसाठी पाचवीत परीक्षा होते, सहावीपासून राहणं-जेवण-शिक्षण मोफत, ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना. कोल्हापूरचं नवोदय कागलला आहे. आणि २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक उच्च शिक्षणाची फी माफ आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा. मुलीवर खर्च कशाला, या प्रश्नाला मी उत्तर देत बसणार नाही, तो प्रश्नच तुम्ही घरात उभा राहू देऊ नका.

आता भावाबद्दल. मागण्यात कमीपणा आहे का? ताई, तुम्ही कोल्हापूरच्या मातीतल्या. तुमच्याकडे शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग समाजासमाजाची वसतिगृहं निघाली, आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. महाराष्ट्रात वार लावून जेवून शिकलेली माणसं पुढे मोठ्या पदांवर गेली आणि ते त्यांनी अभिमानाने सांगितलं. शिक्षणासाठी हात पुढे करण्यात लाज नाही, हे मी मनापासून सांगते.

पण तुमच्या मागण्यात एक गाठ आहे. "सही करून दिली, त्यानंतर कधी काही मागितलं नाही," हे वाक्य तुम्ही सहज लिहिलेलं नाही. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि तुम्ही तो सोडलात. भावाच्या दृष्टीने ते प्रकरण त्या दिवशी तहसीलच्या आवारात संपलं. तुमच्या मनात ते उघडं आहे. तुम्ही ६० हजार मागाल तेव्हा तो मदत करतोय असं समजेल आणि तुम्ही आपलंच थोडं परत घेताय असं समजाल. पुढच्या वर्षी तो "यंदा जमणार नाही" म्हणाला की दोघंही दुखावणार, आणि कारण कुणालाच बोलता येणार नाही. त्यामुळे आधी स्वतःशी ठरवा. हक्काचा विषय काढायचा असेल तर तो वेगळा, मोठा आणि रास्त विषय आहे. तो स्वतंत्रपणे, जमिनीच्या नावानेच काढा. फीसाठी मागायचं असेल तर फक्त फीसाठी मागा आणि सहीचा उल्लेख मनातूनसुद्धा बाजूला ठेवा.

मागताना आईच्या तोंडून निरोप नको. भाऊबीजेच्या ताटाशीही नको, तिथे भावाला नाही म्हणता येत नाही आणि वहिनीच्या मनात ते राहतं. पुण्याला जा, किंवा फोनच करायचा तर दोघंही घरी असतील तेव्हा करा, आणि वहिनी समोर असताना बोला. त्यांच्या घराचा हप्ता, त्यांच्या मुलांची फी त्यांनाही आहे. सरळ सांगा: "दादा, हिच्या शाळेचा वर्षाचा खर्च इतका. आम्ही इतके भरू शकतो. पाचवीपर्यंत दरवर्षी वीस हजार तुला जमतील का? नाही जमले तरी चालेल, आम्ही दुसरी शाळा बघितलीय." ते शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे, म्हणून आधी अनुदानित शाळा बघून ठेवा. पैसे तुमच्या खात्यात न घेता त्याने थेट शाळेत भरावेत आणि पावती ठेवावी. उसने असतील तर उसने म्हणा, परत कधी ते बोलून घ्या. मदत असेल तर मदत म्हणा.

माझं मत विचाराल तर मी त्याच्याकडे वेगळंच काही मागितलं असतं. मुलीला चांगल्या सेमी इंग्रजी शाळेत घालते, तू तिच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धी या मुलींच्या बचत योजनेत महिन्याला हजार रुपये टाकशील का? मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत हे खातं काढता येतं. ती अठरा वर्षांची होईपर्यंत नुसते भरलेलेच १ लाख ४४ हजार होतात, व्याज वेगळं, आणि त्या वेळी निम्मी रक्कम शिक्षणासाठी काढता येते. तेव्हा फी माफ असली तरी हॉस्टेल, मेस आणि पुस्तकांना पैसे लागतात, आणि मुलींचं शिक्षण पुष्कळदा तिथेच थांबतं. एखाद्या महिन्यात मामाला जमलं नाही तर पोरीची शाळा तरी बंद पडत नाही.

इंग्रजी शाळाच ठरली तर मुख्याध्यापकांना भेटून लेखी अर्ज द्या. बऱ्याच संस्था गाजावाजा न करता सवलत देतात, हप्ते पाडून देतात, पण मागणाऱ्यालाच. प्रवेशाचे १५ हजार कशाचे, हे विचारा आणि पावती मागा. मंजूर फीव्यतिरिक्त देणगी घ्यायला कायद्याने बंदी आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली असावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं वाढवता येत नाही. आरटीईची सोडत होईपर्यंत कुठेही पैसे भरू नका. भरायचेच झाले तर परत मिळतील का ते लिहून घ्या.

कर्जाबद्दल एवढंच: बचत गटातून एकदाच्या खर्चापुरते घेतले तर ठीक. दरवर्षी येणाऱ्या फीसाठी सोनं तारण ठेवू नका. शाळेतच फॉर्म भरून घेणाऱ्या फायनान्स कंपनीपासून सावध राहा, कारण मूल शाळा सोडून गेलं तरी हप्ते चालूच राहू शकतात. मोबाइल अॅपवरचं कर्ज तर कधीच नको. हे वाचणाऱ्यांत कोणी नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून पहिल्या दोन मुलांना सातवीपर्यंत वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये मिळतात. एकट्या पालकाच्या मुलांसाठी बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आहेत, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा.

आणि तुमचा तिसरा प्रश्न. हो, यजमानांना आधी सांगा. भावाचे पैसे आल्यावर त्यांना कळलं, तर बायकोच्या माहेरच्या पैशावर पोरीची फी भरली जातेय हे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतील, आणि मग शाळेचा विषय निघाला की भांडण होईल. त्यांनाही बहुधा भीती इतकीच आहे की झेपणार नाही, ती त्यांना नीट बोलता येत नाही. तुम्ही वरचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा, दोन्ही शाळा त्यांना सोबत नेऊन दाखवा. आरटीईच्या फॉर्मला त्यांचा जातीचा दाखला लागणारच आहे. तो कपाटातून काढून द्यायला सांगाल, तेव्हाच हे बोलणं सुरू करा.